मुखपृष्ठ : कोणाचं नाव टाकू?

शनिवारी सकाळी साडेसातला फोन करणारी माणसं दोनच प्रकारची असतात. क्रेडिट कार्डवाले आणि निवृत्त शिक्षक. माझी मावशी दुसऱ्या प्रकारात मोडते. चौतीस वर्षं झेडपीच्या शाळेत पहिली ते चौथी शिकवून रिटायर झाली, आता बार्शीत राहते आणि लहान मुलांसाठी गोष्टी लिहिते. दोन पुस्तकं झाली. प्रकाशक वगैरे भानगड नाही. पेन्शनच्या पैशातून पाचशे प्रती छापायच्या आणि ओळखीच्या शाळांमधून वाटायच्या, असा कारभार.

"अरे, तिसरं पुस्तक तयार आहे. मुखपृष्ठ राहिलंय. तुझ्या त्या एआयवर चित्र निघतं म्हणे?"

निघतं की! पण आधीच्या दोन्ही पुस्तकांची मुखपृष्ठं गावातल्या एका पेंटरकाकांनी केली होती. त्यांचं काय? तर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा डोळाही महिन्याभरात करायचा होता, आणि मावशीला पुस्तक शाळा सुरू व्हायच्या आत हवं होतं. म्हटलं ठीक आहे, दोन तासांचं काम. (सगळे आयटीवाले कुठलंही काम दोन तासांचंच सांगतात, हे तुम्हाला माहीत असेलच.)

गोष्ट अशी होती की एक मुलगी आणि तिची शेळी दुष्काळात पाण्याच्या शोधात निघतात. मी इंग्रजीत प्रॉम्प्ट टाकला. अर्ध्या मिनिटात चार चित्रं हजर. रंग बघून मी खुर्चीत उडालोच. मग नीट बघायला लागलो. मुलीने राजस्थानी घागरा घातलेला. घर कौलारू, पण वर धुराडं, जणू स्कॉटलंडमधलं. शेळी पांढरीशुभ्र, आखूड कानांची, हनुवटीला दाढी. 'महाराष्ट्रातली मुलगी' असं लिहिल्यावर पोरीच्या नाकात भलीमोठी नथ आली आणि अंगावर पैठणी. दुष्काळात पैठणी! पन्नासेक चित्रांनंतर एक जमलं. वर शीर्षक मराठीतून टाकायला सांगितलं तर देवनागरी आणि शिडी यांच्या मधलं काहीतरी उमटलं. ते पुसून मी एक फाँट टाकला आणि रात्री अकराला चित्र पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दोन प्रश्न आले. पहिला, "ही आपली शेळी नाही." आमच्याकडच्या उस्मानाबादी शेळ्या काळ्या, लांब लोंबत्या कानांच्या असतात. मावशीचं बरोबर होतं. दुसरा प्रश्न जास्त अवघड होता.

"आतल्या पानावर 'मुखपृष्ठ' म्हणून कोणाचं नाव टाकू?"

सोमवारी हापिसात बिल्ड चालू असताना मी याचाच विचार करत होतो, आणि तो प्रश्न मला कुठल्या कुठे घेऊन गेला. तर मंडळी, आजचा वीकेंडचा लेख त्या भटकंतीचा.

आधी लंडन. तिथे एडमंड इव्हान्स नावाचा एक लाकूड-कोरक होता, जन्म १८२६ चा. त्या काळी पुस्तकात चित्र छापायचं म्हणजे कुणीतरी ते कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर उलटं कोरायचं. इव्हान्सने सुरुवातीला रेल्वे स्टेशनवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त कादंबऱ्यांची मुखपृष्ठं छापली. पांढरा कागद हाताळून मळतो म्हणून त्याने पिवळा चकचकीत कागद वापरला, त्यावरून त्या पुस्तकांना 'यलोबॅक' असंच नाव पडलं. पुढे त्याने लहान मुलांची रंगीत पुस्तकं हातात घेतली. वॉल्टर क्रेन, रँडॉल्फ काल्डेकॉट आणि केट ग्रीनअवे, इंग्रजी बालचित्रांची ही तीन मोठी नावं त्याच्याच छापखान्यातून घरोघरी पोचली.

त्याची कामाची रीत सांगतो, कारण इंजिनियर म्हणून मला तीच आवडली. काल्डेकॉट मूळ रेषाचित्र लाकडावर काढून द्यायचा. ते कोरून त्याची एक प्रत गडद तपकिरी रंगात काढायची. त्या प्रतीवर काल्डेकॉट हाताने रंग भरायचा. मग इव्हान्स प्रत्येक रंगासाठी वेगळा ठोकळा बनवायचा. चेहऱ्यांसाठी कातडीचा रंग, मग लाल, निळा, पिवळा, राखाडी. सगळे ठोकळे एकाच जागी अचूक बसले पाहिजेत, केसभर हलला तर गाल कानाशेजारी जाणार. ग्रीनअवेची चित्रं तर फोटोग्राफीने लाकडावर उतरवून घेत आणि मग कोरत. १८७९ साली तिचं 'अंडर द विंडो' आलं तेव्हा इव्हान्सने पहिल्याच फटक्यात २०,००० प्रती छापल्या. प्रकाशकाला हा वेडेपणा वाटला होता. प्रती पुन्हा छापून व्हायच्या आत संपल्या.

पुस्तकावर ग्रीनअवेचं नाव आलं. कोरणारा आणि छापणारा म्हणून इव्हान्सचंही आलं. पण त्याच्या छापखान्यात दिवसभर मान मोडून ठोकळे कोरणारी पोरं होती, त्यांची नावं पुस्तकावर नाहीत. म्हणजे 'चित्र कोणाचं' हा प्रश्न कंप्युटर यायच्या कितीतरी आधीपासून तसा गोलमालच होता. त्यावेळी फक्त कोणी विचारत नव्हतं.

आणि मग ती कोरणारी पोरं गेली. हाफटोन आलं. चित्राचा फोटो काचेच्या बारीक जाळीतून घ्यायचा, म्हणजे त्याचे लहानमोठे ठिपके होतात. ते ठिपके धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरायचे. आपल्याकडे जुने छापखानेवाले ज्याला नुसतं 'ब्लॉक' म्हणायचे तो हाच. मधल्या कारागिराचा हात संपला. १९०२ साली बिॲट्रिक्स पॉटरचं 'पीटर रॅबिट' छापलं गेलं ते इव्हान्सच्याच कंपनीत, पण लाकूड कोरून नाही, तीन रंगांच्या फोटोब्लॉकवरून. ज्या दुकानाने लाकूडकाम शिखराला नेलं तिथेच ते बंद पडलं. वाईट वाटावं की कौतुक करावं, मला ठरवता येत नाही.

पण या गोष्टीची दुसरी बाजू बघायची तर कलकत्त्याला जावं लागतं. उपेंद्रकिशोर रायचौधुरी, जन्म १८६३. चित्रकार, व्हायोलिनवादक आणि मुलांसाठी लिहिणारा माणूस. सत्यजित राय यांचे आजोबा. १८९० च्या दशकात त्यांनी मुलांसाठी रामायण लिहिलं, चित्रंही स्वतःच काढली. ती लाकडी ठशांवरून छापून आली तेव्हा ओळखूच येईनात, इतकी खराब. आता आपल्यापैकी कोणी असतं तर छापखानेवाल्याला चार शिव्या देऊन गप्प बसलं असतं. या गृहस्थाने १८९५ मध्ये लंडनच्या पेनरोज कंपनीकडून हाफटोनची सामग्री मागवली आणि घरात स्वतःचा स्टुडिओ उघडला. परदेशी कधी गेले नाहीत. पुस्तकं वाचून आणि प्रयोग करून शिकले. जाळी आणि प्लेट यांच्यात अंतर किती ठेवायचं, लेन्सचं छिद्र कसं असावं, याचं गणित त्यांनी बसवलं आणि ते लेख लंडनच्या पेनरोज वार्षिकात छापून आले, जिथे या धंद्यातली युरोपातली माणसं लिहीत होती. भारतातल्या एका बालसाहित्यिकाचं संशोधन, आणि तेही कशापायी? तर आपलं हनुमानाचं चित्र पोरांना नीट दिसावं म्हणून!

मुलगा सुकुमार १९११ मध्ये इंग्लंडला गेला तोही छपाईचं तंत्र शिकायला. १९१३ साली उपेंद्रकिशोरांनी 'संदेश' हे मुलांचं मासिक काढलं. दोनच वर्षांत ते वारले. नातू सत्यजित चाळीसच्या दशकात सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठं करायला लागला. त्यातलं एक काम होतं 'पथेर पांचाली'च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीचं, 'आम आँटिर भेंपू'चं. त्या पुस्तकासाठी चित्रं काढता काढताच त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला, आणि १९५५ साली काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. लहान मुलांच्या पुस्तकाचं चित्रकाम म्हणजे किरकोळ काम, असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मी हे उदाहरण नेहमी फेकतो.

मला इथे काय टोचतं माहितीये? उपेंद्रकिशोरांनी नवीन तंत्र आणलं ते स्वतःच्या हाताचं चित्र जसंच्या तसं पोचावं म्हणून. माझ्याकडे पोचवायला हातच नव्हता. मी चौथीतल्या ड्रॉइंगमध्ये दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी एवढ्यावरच थांबलोय.

असो. आता फोटोग्राफीचा एक किस्सा, कारण एआयवाले भांडताना तोच पुढे करतात. १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्ड अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. न्यूयॉर्कमध्ये नेपोलियन सरोनी नावाच्या फोटोग्राफरने त्याचे फोटो काढले. बरो-जाइल्स नावाच्या लिथोग्राफी कंपनीने त्यातल्या एकाच्या ८५,००० प्रती परस्पर छापल्या. सरोनी कोर्टात गेला. कंपनीचं म्हणणं, फोटो यंत्र काढतं, त्याला लेखक कुठला? १८८४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सरोनीच्या बाजूने निकाल दिला. वाइल्डला कसं बसवायचं, कपडे कुठले, मागचा पडदा कुठला, उजेड कुठून, हे सगळं सरोनीने ठरवलं, म्हणून तो या चित्राचा कर्ता. सरोनीला ६१० डॉलर मिळाले.

"बघा, कॅमेऱ्यालाही लोक हेच म्हणत होते!" हा युक्तिवाद मीही कँटीनमध्ये केलेला आहे. पण निकाल नीट वाचला तर त्यातली मेख कळते. सरोनीने शटर दाबण्याआधीच चित्र त्याच्या डोक्यात होतं. माझ्या डोक्यात काय होतं? 'मुलगी, शेळी, दुष्काळ'. नथ माझी नव्हती. धुराडंही माझं नव्हतं.

आता अलीकडे येऊ. २०२२ हे साल या बाबतीत फारच धावपळीचं गेलं. एप्रिलमध्ये डॉल-ई २, जुलैमध्ये मिडजर्नी सगळ्यांसाठी खुलं, ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन, आणि ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी. डिसेंबरच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोतल्या अम्मार रेशी नावाच्या डिझाइन मॅनेजरने एका वीकेंडमध्ये मुलांचं अख्खं पुस्तक केलं. गोष्ट चॅटजीपीटीकडून, चित्रं मिडजर्नीकडून, छपाई ॲमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेतून. नाव 'ॲलिस अँड स्पार्कल'. मित्राच्या मुलीसाठी म्हणून सुरू झालेली गंमत. मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं ७२ तासांत. त्याने ते ट्विटरवर सांगितलं आणि एका बाजूने टाळ्या, दुसऱ्या बाजूने चित्रकारांचा संताप. पहिल्या दिवसांत प्रती खपल्या सत्तरच्या आसपास. म्हणजे ग्रीनअवेच्या २०,००० पुढे काहीच नाही, पण भांडण मात्र जगभर.

चित्रकारांचा राग कशाचा होता हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागतं, म्हणून थोडं तांत्रिक बोलतो. ही मॉडेल्स शिकतात कशी? चित्र आणि त्याखालचं वर्णन अशा जोड्या घ्यायच्या. चित्रावर थोडा थोडा कचरा टाकत जायचं, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसा, शेवटी नुसत्या मुंग्या उरेपर्यंत. मॉडेलला शिकवायचं की हा कचरा उलटा साफ कसा करायचा. शिकून झालं की त्याला नुसत्या मुंग्या आणि 'मुलगी, शेळी' हे शब्द द्यायचे, ते साफ करत करत चित्रापर्यंत येतं. स्टेबल डिफ्यूजनसाठी ज्या संग्रहातला माल वापरला त्या लायन-५बी मध्ये अशा साधारण ५८५ कोटी जोड्या होत्या, सगळ्या इंटरनेटवरून उचललेल्या. त्यात जिवंत चित्रकारांची हजारो कामं, कोणालाही न विचारता. जानेवारी २०२३ मध्ये तीन अमेरिकन चित्रकारांनी कोर्टात दावा लावला तो याच मुद्द्यावर.

आणि आमची शेळी पांढरी का आली, याचंही उत्तर इथेच आहे. इंटरनेटवरच्या फोटोंखाली इंग्रजीत 'गोट' लिहिलेल्या शेळ्या बहुतेक युरोप-अमेरिकेच्या. बार्शीच्या बाजारात दोरीला बांधलेल्या काळ्या शेळीखाली कोण कॅप्शन लिहायला बसलंय? 'उस्मानाबादी' असा शब्द टाकून पाहिला तर मॉडेलने शेळीच्या मागे एक मशीद काढून दिली. हसू आलं, पण फार वेळ नाही.

कायद्याचं काय? अमेरिकेत 'झार्या ऑफ द डॉन' नावाच्या कॉमिकची नोंदणी झाली होती, त्यातली चित्रं मिडजर्नीची. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने नोंदणी बदलली. शब्द आणि मांडणी क्रिस काश्तानोवा यांची, चित्रं कोणाचीच नाहीत. त्यांचं म्हणणं, प्रॉम्प्ट देणारा माणूस चित्रकाराला काम सांगणाऱ्या गिऱ्हाइकासारखा. जानेवारी २०२५ च्या अहवालात हेच पुन्हा आलं, नुसत्या प्रॉम्प्टने कोणी कर्ता होत नाही.

आपल्याकडचा कायदा मात्र गमतीदार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली एक दुरुस्ती झाली. कंप्युटरने निर्माण केलेल्या कलाकृतीचा कर्ता कोण, तर जो ती निर्माण 'करवतो' तो. १९९४ मध्ये लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डीटीपीचं दुकान असणार, फार तर कोरलड्रॉ. आता हे माझ्या प्रकरणाला लावून बघा. करवलं कोणी? टाइप मी केलं. पण मला करायला लावलं मावशीने. मग कर्ती मावशी? २०२० मध्ये एका वकिलाने आपल्या एआय ॲपला चित्राचा सहकर्ता म्हणून नोंदवून घेतलं होतं, पुढच्याच वर्षी कार्यालयाने ती नोंद मागे घेण्याची नोटीस काढली. म्हणजे यंत्राचं नाव टाकायचा मार्गही धड मोकळा नाही.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तू एकदा येऊन जा."

पुढच्या शनिवारी गेलो. ती मला थेट पेंटरकाकांकडे घेऊन गेली. काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. मला फार अवघडल्यासारखं झालं, खरं सांगतो. प्रिंटआऊट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चांगल्या डोळ्याजवळ नेला आणि बराच वेळ बोलले नाहीत.

"रंग झकास आहेत," ते म्हणाले. मग, "शेळीला खूर आहेत का पंजे?"

मी पन्नास वेळा बघितलेलं चित्र. पुढच्या उजव्या पायाला खरंच तीन बोटं होती.

मी काहीतरी सारवासारव करायला लागलो, की नवीन व्हर्जनमध्ये सुधारेल वगैरे. ते म्हणाले, "सुधारेल की. फ्लेक्ससुद्धा आधी फिका यायचा." काका पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एसटी स्टँडसमोरची अर्धी लाइन त्यांच्या हातची होती. फ्लेक्स आलं आणि दोन वर्षांत काम गेलं. मग शाळांच्या भिंती, गणपतीचे देखावे, आणि मावशीची दोन मुखपृष्ठं. एका मुखपृष्ठाचे ती त्यांना तीन हजार द्यायची. हे मला त्या दिवशी कळलं. माझे दोन तास कोणाच्या तीन हजारांचे होते ते.

त्यांनी माझं भाषण ऐकून घेतलं नाही, आणि रागही केला नाही. पेन्सिल मागितली. प्रिंटआऊटच्या मागच्या बाजूला एक शेळी काढली. हात जरा थरथरत होता, रेघ दोनदा चुकली. लांब कान, खाली मान, पाण्याचा वास घेणारं नाक. दोन मिनिटं लागली असतील. मग त्याखाली पुस्तकाचं नाव लिहिलं, त्यांच्या त्या पाटीवरच्या जाड, गोल वळणाच्या अक्षरात.

मी तो कागद स्कॅन केला. अक्षरं घेतली, माझा फाँट काढून टाकला. पांढरी शेळी खोडून काकांची बसवली. रंगीत चित्रात पेन्सिलची शेळी जरा वेगळी पडली, पण मावशीला तीच हवी होती. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात पुस्तक आलं. आतल्या पानावर मावशीने स्वतःच्या मनाने मजकूर घातला. 'शेळी आणि अक्षरे' पुढे काकांचं नाव. 'मागचे चित्र' पुढे 'संगणक'. आणि सगळ्यात खाली 'खटपट' पुढे माझं. तीन हजार काकांना पोचले.

गेल्या शनिवारी सकाळी साडेसातला पुन्हा फोन. चौथं पुस्तक तयार आहे. मी म्हटलं, "पाठव की गोष्ट, या वेळी प्रॉम्प्ट नीट लिहितो."

"नको रे," मावशी म्हणाली, "काकांचा दुसरा डोळाही झाला. तू फक्त स्कॅन करायला ये."